शिस्तीच्या बाजूने

"दोघं जाणार, दोघंच परत येणार. दिवेलागणीच्या हजेरीआधी," कदम जमादार म्हणाला आणि त्यानं आमच्या पासावरची सही उन्हात धरून पुन्हा एकदा पाहिली.

"वेळेत आणतो," साळवे मास्तर म्हणाले.

"तुमी न्हाई आणत. मी आणतो. साहेबांचा हुकूम हाय, मी संगं येनार."

त्यानं दांडकं काखेत मारलं, फाटकाची साखळी काढली, आणि आम्ही चौघं शहराच्या रस्त्याला लागलो. पुढं मास्तर, मागं मी, गजरा, आणि माझ्या शाळेतला यल्लाप्पा, आणि आमच्या मागं खाकी कपड्यातला जमादार. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. दोन पोरांना कुठल्या चोरीत धरून नेतायत, असंच कुणालाही वाटलं असतं. खरं तर आम्ही वादविवाद स्पर्धेला निघालो होतो.

आमची सेटलमेंट गिरण्यांच्या शहराबाहेर होती. चारी बाजूंनी काटेरी तारा, एकच फाटक. आम्ही कैकाडी. टोपल्या विणणारी माणसं, पण सरकारदप्तरी जन्मानं गुन्हेगार. मूल जन्मलं की त्याचं नाव आधी हजेरीवहीत चढायचं, बारसं नंतर. सकाळी आणि दिवेलागणीला सगळ्यांनी मैदानात ओळीनं बसायचं. नाव पुकारलं की उभं राहायचं, दोन्ही तळवे पुढं करायचे आणि "हाजिर" म्हणायचं. पोर गैरहजर सापडलं तर बापाला चौकीत कोंडायचे आणि त्याचा गिरणीचा पास अडकवून ठेवायचे. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटून गेलं होतं. आमच्या मैदानातही झेंडा लागला होता, पोरांना पेढे वाटले होते. पेढे वाटून झाल्यावर हजेरी झाली होती.

साळवे मास्तर अहमदनगरकडचे, ख्रिस्ती. आमच्या शाळेत येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. शहरातल्या शाळांच्या स्पर्धेत आमच्या शाळेचं नाव घालायचं, हे त्यांच्या डोक्यातलं. सेटलमेंटचे म्यानेजर साहेब आधी हसले होते, मग म्हणाले होते, "काही वेडंवाकडं झालं, तर तुमची नोकरी गेली असं समजा." मास्तरांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. जमादारानं सांगितलं, वाटेत, मास्तर ऐकत असताना.

स्पर्धेचा विषय होता, 'शिस्तीवाचून स्वातंत्र्य फोल आहे.' बाजू कुठली ते सभागृहात चिठ्ठी उचलून ठरायचं, म्हणून दोन्ही बाजू तयार करायच्या होत्या. मी दोन्ही पाठ केल्या. मला पाठांतर यायचं, दुसरं काही फारसं यायचं नाही. यल्लाप्पानं मात्र एकच बाजू तयार केली, स्वातंत्र्याची.

"दुसरी आली तर?" मी रस्त्यानं चालताना विचारलं.

"येनार न्हाई."

"आली तर?"

"तर तू बोल. मी तोंड उघडनार न्हाई."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं त्याची आई तापानं फणफणली होती. यल्लाप्पा औषध आणायला तारांखालून सरपटत शहरात गेला आणि सकाळच्या हजेरीला पोचला नाही. त्याच्या बापाला, दुर्गाप्पाला, चौकीत टाकलं. आई गेली तेव्हा दुर्गाप्पा आतच होता.

सभागृह शहरातल्या मोठ्या हायस्कुलाचं होतं. बाहेर पायरीवर चपलांची रांग होती. आम्ही आमच्या चपला काढून तिच्या टोकाला ठेवल्या. आत जाऊन बसतोय तोवर मागं कुजबुज झाली आणि दोघं-तिघं उठून बाहेर गेले. परत आले ते हातात चपला घेऊन. मग आणखी काही जण गेले. बाया पदराखाली चपला धरून बसल्या. यल्लाप्पानं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

छातीला फीत लावलेला एक स्वयंसेवक आला. "तुमची बैठक इकडे," म्हणून त्यानं दाराजवळचं एक वेगळं बाक दाखवलं. "तुम्हाला लवकर निघायचं असतं ना, म्हणून." तो अगदी गोड बोलला. जमादार दारातच उभा राहिला, दांडकं टेकवून.

अध्यक्ष होते रावसाहेब चिटणीस, निवृत्त न्यायाधीश. ते उशिरा आले. मग हारतुरे झाले, स्वागतगीत झालं. मास्तर पुनःपुन्हा खिडकीतून ऊन बघत होते. शेवटी आमचं नाव पुकारलं. आमच्यासमोर यजमान शाळेचाच संघ होता. विद्याधर ओगले, शहरातल्या नावाजलेल्या वकिलाचा मुलगा, आणि विमल नावाची एक मुलगी. ओगले वकील स्वतः पहिल्या रांगेत बसले होते.

चिठ्ठी मी उचलली. उघडली. 'अनुकूल.'

आमच्या वाट्याला शिस्त आली होती.

मी काही बोलायच्या आत यल्लाप्पा उठला. "मास्तर, मी भाईर जातो."

"बस खाली," मास्तर हळूच म्हणाले.

"शिस्त लई चांगली, असं मी म्हणू? माझी आई..."

"चांगली आहे असं म्हणू नकोस." मास्तरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. "ती काय असते, तेवढं सांग. या लोकांना ठाऊक नाही."

यल्लाप्पा त्यांच्याकडे बघत राहिला. मग बसला. पण बोलणार की नाही, ते काही बोलला नाही.

पहिली मी. व्यासपीठावर गेले. पाठांतर पक्कं होतं. नदीला काठ असतात म्हणून ती नदी, नाहीतर तो पूर. वीणेची तार ताणलेली असते म्हणून सूर निघतो. सैन्य, सूर्यमालिका, ऋतू. सगळं घडाघड म्हटलं. टाळ्या पडल्या, बेताच्या. समोरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बोलतात की स्वच्छ!" मी खाली येऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी तारेचं बोलले होते आणि मला स्वतःलाच काही जाणवलं नव्हतं.

मग विद्याधर ओगले उठला. तो फार सुंदर बोलला, हे आजही म्हणेन. आवाज खणखणीत, हात जिथं हवा तिथंच उठायचा. त्याच्या काकांनी बेचाळीस साली तुरुंगवास भोगला होता. ती हकीगत त्यानं अशी सांगितली की बायांनी डोळे पुसले. गजांमागचा माणूस सकाळची वाट कशी बघतो, हे त्यानं सांगितलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. मग तो आमच्या बाकाकडे वळला.

"माझ्या प्रतिस्पर्धी भगिनीनं शिस्तीची थोरवी गायली. त्यांच्या वस्तीत ती आवश्यक असेलही. रोग्याला पथ्य लागतंच. काही जमातींना कुंपण लागतं, हे दुर्दैवी असलं तरी खरं आहे. पण रोग्याचं पथ्य निरोग्याला लावायचं का? कुंपणाचा न्याय या सबंध स्वतंत्र देशाला लावायचा का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओगले वकिलांनी अभिमानानं इकडेतिकडे पाहिलं. विद्याधरच्या बोलण्यात खुनशीपणा नव्हता, तेच जास्त लागलं. आकाश निळं असतं असं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं होतं.

"कुमार यल्लाप्पा गायकवाड," अध्यक्षांनी पुकारलं.

तो जागचा हलला नाही. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. त्याच्या जबड्याची शीर उडत होती.

"कुमार गायकवाड आहेत का?"

यल्लाप्पा उठला आणि व्यासपीठाकडे गेला. वर चढून त्यानं टेबलावरची कार्यक्रमपत्रिका उचलली, उघडून डाव्या हातावर धरली आणि सभागृहावरून नजर फिरवली. हळूहळू, एकेका रांगेवरून. ती नजर मला ओळखीची होती.

"अध्यक्ष महाराज, मी शिस्तीच्या बाजूनं बोलणार. पण माझ्यापाशी नदी-वीणा न्हाई. आम्ही शिस्त रोज करतो, ती करूनच दाखवतो. नाव पुकारलं की उभं राहायचं. दोन्ही हात पुढं करायचे. हाजिर म्हणायचं."

लोक गालात हसले. काहीतरी गंमत असेल असं त्यांना वाटलं.

"ओगले विद्याधर!"

तो आवाज त्याचा नव्हता. कदम जमादाराचा होता, अगदी हुबेहूब. दारात जमादार एकदम ताठ झाला.

"हजर आहे," विद्याधर हसत म्हणाला, बसल्याबसल्या.

"बसून न्हाई. उभं राहून. हात पुढं."

विद्याधरचं हसू ओसरलं. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं.

"गैरहजर," यल्लाप्पा म्हणाला आणि पत्रिकेवर बोटानं फुली मारली. "पोरगं गैरहजर, तर बाप चौकीत. ह्याचा बाप कोण हाय?"

त्याची नजर पहिल्या रांगेवर येऊन थांबली.

"ओगले वकील! चौकीत चला. घोंगडी संगं घ्या. घरात कुणी तापानं पडलं असंल तर त्याचं आम्हाला काय न्हाई. मेलं तरी न्हाई. शिस्त हाय."

ओगले वकील ताडकन उभे राहिले. "अध्यक्ष महाराज! हा काय तमाशा चालू दिलाय तुम्ही?"

"वकीलसाहेब उभे ऱ्हायले," यल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "आता हात पुढं."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. वकिलांचा चेहरा लालबुंद झाला होता. रावसाहेबांनी टेबलावरच्या घंटेवर हात ठेवला, पण वाजवली नाही.

"माझी वेळ अजून हाय ना, महाराज?"

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मनाविरुद्ध मान हलवली.

"आमचे प्रतिस्पर्धी म्हणतात, शिस्त काहींनाच पायजे. पण विषयात 'काहींना' असा शब्द न्हाई. आमची बाजू म्हणते, सगळ्यांना पायजे. इतकी चांगली असंल तर आजपास्नं सगळ्या गावाला लावा. सगळ्या पोरांची नावं वहीत घ्या, बारशाच्या आधी. सगळ्या गावाला तार मारा. आन सगळ्या गावाला नको असंल, तर..."

घंटा वाजली.

वाक्य पुरं करायला त्याला कुणी अडवलं नसतं. तो मात्र तिथंच थांबला. पत्रिका टेबलावर होती तशी ठेवली आणि खाली आला. कुणी टाळी वाजवली नाही. बाकावर बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मग विमल बोलायला उठली. तिचं भाषण पाठ असणार, पण तिला ते सापडेना. ती मधेच थांबायची, आमच्या बाकाकडे बघायची आणि पुन्हा सुरू करायची. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं. जमादारानं दांडक्यानं चौकटीवर टकटक केलं.

"मास्तर. निघायचं."

"एकच भाषण राहिलंय, जमादार. समारोप. हिचाच आहे." मास्तर उठून दाराशी गेले. "पाच मिनिटं द्या."

"सूर्य बगा की. पोचायला येळ लागतोय. ह्यांचे बाप तिथं बसल्यात." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "माजी बी नोकरी हाय मास्तर. मी बी तारंतलाच हाय, एक प्रकारचा."

"समारोप, कुमारी गजरा जाधव," अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. एका बाजूला व्यासपीठ होतं, दुसऱ्या बाजूला दार. माझा समारोप पाठ होता. 'म्हणून मित्रहो' पासून शेवटच्या श्लोकापर्यंत. तो म्हटला असता तर कदाचित ढाल मिळाली असती. परीक्षकांपैकी एक बाई माझ्याकडे असं बघत होत्या, की बोल पोरी. पण दुपारी निघताना माझा बाप, मरगू, म्हणाला होता, "उशीर करू नगंस गं. वहीत एकदा बी फुली न्हाई आपल्या नावावर." भित्रा माणूस. जमादाराची सावली दिसली तरी उभा राहायचा.

मी व्यासपीठावर चढले नाही. जागेवरूनच बोलले.

"अध्यक्ष महाराज, आमच्या हजेरीची वेळ झाली. जमादार न्यायला आलेत. शिस्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी शिस्त मोडली, तर तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणून माझी वेळ मी प्रतिस्पर्ध्यांना देते. ते स्वातंत्र्यावर बोलतील. त्यांना वेळ आहे."

हात जोडले आणि निघाले. यल्लाप्पा माझ्यामागं आला, मास्तर त्याच्यामागं. दारातून बाहेर पडेपर्यंत मला माझ्या पावलांचा आवाज ऐकू येत होता. बाहेर पायरीवर आता फक्त आमच्याच चपला होत्या.

आम्ही जवळजवळ पळतच होतो. मास्तरांना धाप लागली होती. फाटकाशी त्यांना थांबावं लागलं, कारण हजेरीच्या वेळी बाहेरच्या माणसाला मैदानात यायची परवानगी नव्हती. ते तारेपाशी उभे राहिले.

मैदानात सगळी वस्ती ओळीनं बसली होती. हजेरी सुरू झाली होती. जमादारानं हाताखालच्या शिपायाकडून वही घेतली आणि पुढं पुकारायला लागला. आम्ही आमच्या जागी जाऊन बसलो.

"गायकवाड यल्लाप्पा दुर्गाप्पा!"

यल्लाप्पा उभा राहिला. तळवे पुढं केले नाहीत. तोंड उघडलं नाही.

जमादारानं वहीतून मान वर केली. "गायकवाड यल्लाप्पा!"

तो तिथंच होता, सगळ्या वस्तीसमोर, ताठ. एक शब्द बोलेना. कुणीतरी म्हातारी पुटपुटली, "अरं बोल की रं लेकरा."

"यल्लाप्पा," जमादार या वेळी हळू म्हणाला, "मी तुला बगतोय. पन वहीत मला आवाज लागतोय. शेवटचं इचारतो."

यल्लाप्पा त्याच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून दुर्गाप्पा उठला. त्यानं खांद्यावरची घोंगडी झटकली, घडी केली आणि काखेत मारली. मुलाच्या दिशेनं चालत गेला. आता मुस्काटात देतो, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. तो यल्लाप्पासमोर थांबला. बायको गेल्यापासून हा माणूस मुलाशी धड बोलला नव्हता.

"बोलू नगंस," तो म्हणाला.

आणि चौकीच्या दिशेनं चालू लागला. कुणी न सांगता.

जमादारानं वहीत फुली मारली. पुढची चार-दोन नावं त्यानं भराभर पुकारली. त्यांचे "हाजिर" अगदी बारीक आले. मग माझं.

"जाधव गजरा मरगू!"

मी उठले. खोटं कशाला सांगू, 'हाजिर' माझ्या जिभेवर होतं. मला दुसरं काही करायचं नव्हतं. पण दिवसभर मी दुसऱ्यांचे शब्द बोलले होते, आणि हा त्यातला शेवटचा होता. तो तोंडातून निघेना. मी तळवेसुद्धा पुढं केले नाहीत. माझ्या बापाच्या पाठीकडे बघत उभी राहिले.

ती पाठ जरा हलली. मग माझा बाप उठला. पागोटं सुटलं होतं, ते सावकाश पुन्हा गुंडाळलं. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मरगू, तू कशापाई उठलास?" जमादार ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "मी अजून फुली मारली न्हाई. बस!"

"पोरगी गैरहजर हाय न्हवं?" माझा बाप म्हणाला. "मंग मला याया पायजे. शिस्त हाय."

आम्ही सभागृहात काय बोललो, ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तारेपलीकडं साळवे मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

पुढचं थोडक्यात सांगते. दोघा बापांना दोन रात्री कोंडलं आणि आठवडाभर गिरणीचे पास अडकवले. त्या आठवड्यात आमच्या घरात चूल एकवेळच पेटली. मास्तरांची नोकरी वर्षअखेरीला गेली. जाताना ते यल्लाप्पाला आपला कोट देऊन गेले. ढाल यजमान शाळेला मिळाली. पुढच्या वर्षी आमच्या इलाख्यात आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा उठला आणि तारा गुंडाळून ट्रकमध्ये भरून नेल्या. यल्लाप्पा गिरणीत लागला आणि कामगारांचा पुढारी झाला. गिरणीच्या फाटकावर त्याचं भाषण असलं की शहरातली माणसंसुद्धा ऐकायला यायची. मी मास्तरीण झाले.

पण त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमाराला, मी आणि यल्लाप्पा भाकरी घेऊन चौकीकडे गेलो. जमादार पायरीवर पाठ करून बसला होता. आम्हाला त्यानं हटकलं नाही. मी खिडकीच्या गजांतून भाकरी आत दिली. बापानं ती घेतली, अर्धी दुर्गाप्पाला दिली.

"जिंकलात का गं?" त्यानं विचारलं.

"निकाल लागायच्या आत निघालो."

आतून दुर्गाप्पा हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "निकाल काय, त्यांच्याकडंच असतोय," तो म्हणाला. मग गजांपाशी येत म्हणाला, "पन ऐकलं का त्यांनी?"

मी यल्लाप्पाकडे पाहिलं. सभागृहातून निघाल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. आताही त्यानं गज धरले आणि नुसता उभा राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

उत्तर पायरीवरून आलं. जमादार आमच्याकडे न वळताच बोलला.

"ऐकलं तर. दुर्गाप्पा, तुझ्या पोरानं नाव पुकारलं आन शहरातला वकील उठून उभा ऱ्हायला. मी सोता बगितलं."

मग दुर्गाप्पाचा हात गजांतून बाहेर आला आणि यल्लाप्पाच्या डोक्यावर येऊन थांबला.